मंदाच्या बियांच्या वेली

मंदाआजी गेल्याचा फोन मला कोणी केला नाही. तो मीच सगळ्यांना केला. सकाळी तिच्या फाटकाची कडी वाजवली, आणि "अगं, उघडंच आहे, लोट" हे रोजचे उत्तर आले नाही… ती झोपेतच गेली होती. त्याला आता काही आठवडे झाले. ईशा, नील, तुम्ही नातवंडांनी अमेरिकेहून फोनवर विचारलेत, मंदाआजी नक्की काय करायची? घाईत मी म्हटले, कॉलेजात शिकवायची. ते उत्तर अपुरे होते, म्हणून हे लिहिते आहे. छापायलाही देते आहे, कारण आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे या वसाहतीतल्या, काही मंडळींनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

झाडांवरच्या बुरश्या हा मंदाचा विषय, आणि त्यातही द्राक्षावरची भुरी. पानांवर, मण्यांवर पीठ भुरभुरावे तशी पसरते, ती. निवृत्तीनंतर हुडकेश्वरला आम्ही दोघी मैत्रिणींनी शेजारी-शेजारी घरे बांधली आणि तिने अंगणात काळ्या द्राक्षांची वेल लावली. लग्न न केलेल्या बाईने हळदीकुंकू करायचे नसते, असे तिला कुणीतरी ऐकवले. त्याच वर्षी तिने ते केले. साऱ्या लेआउटला बोलावले आणि वाण म्हणून त्या वेलीच्या छाटणीच्या काड्या, पिशव्यांत रुजवलेल्या, वाटल्या. बायका खूश झाल्या, घरोघरी मांडव उभे राहिले. पुढे एका हिवाळ्यात ते सगळे मांडव एकदम पांढरे पडले. संशय गेला रेखावर. नवऱ्याच्या बदलीमुळे ती नाशिककडून नुकतीच राहायला आली होती, येताना वडिलांच्या बागेतली एक वेल कुंडीत घेऊन. वडील वारले होते, बाग विकली गेली होती. त्यातले हिच्याकडे उरले ते एवढेच. आणि नेमकी तिची वेल हिरवीगार!

"हिनंच रोग आणला, अन् हिच्याच वेलीले काही नाही. काहून?" सोसायटीच्या सभेत दुर्गाताई कडाडल्या. रेखाची वेल उपटून जाळावी, असे अध्यक्षांनी सुचवले. रेखा मान खाली घालून बसली होती. तेव्हा मंदा उठली. एरवी छापील बोलणारी ही बाई चिडली की थेट आपल्या गावच्या बोलीवर यायची.

"रोग कोनं आणला विचारून राहिले ना? भुरी हवेतून येते, तिले पत्ता सांगा लागत नाही. पण घरोघरी एकच वेल कोनं वाटली? म्या वाटली! काडी लावली म्हणजे तीच वेल पुन्हा. एकीले जे सोसत नाही ते कोणालेच सोसत नाही. उपटायची तर माही उपटा."

"पण मॅडम, तुम्ही तर याच विषयातल्या डॉक्टर ना?" अध्यक्ष म्हणाले.

"म्हणूनच तर चूक एवढी मोठी झाली गा!"

सभा हसली आणि रेखाची वेल वाचली. दुसऱ्या दिवशी मंदाने ती नीट पाहिली. वरचे गोड द्राक्षाचे कलम केव्हाच मेले होते. वाढला होता तो खालचा जंगली खुंट, ज्यावर ते कलम बांधलेले असते. असे खुंट मूळचे तुमच्या अमेरिकेतल्या रानवेलींचे, आणि भुरीही तिकडचीच. मुलांनो, मंदाआजीने मला समजावले ते असे: रोगाचे मूळ घर जिथे, तिथे त्याचे गोत सर्वांत मोठे असते, नाना तऱ्हांचे. तिथून बाहेर पडून जगभर पसरली ती त्यातली मूठभरच भुरी. पण परक्या मुलुखातल्या वेलींनी ती कधी पाहिलीच नव्हती, म्हणून त्या मूठभर भुरीनेही त्यांना लोळवले. रानवेली मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिच्याबरोबर वाढल्या. त्यांचे पान थोडे पांढरे होते, वेल मरत नाही. ईशा, तुमच्या कुंपणावरच्या जंगली द्राक्षाचे पान तू एकदा वहीत दाबून आणले होतेस, आठवते? मंदाआजीने ते गॅसवर जाळले. "हा रोग असाच तर फिरला जगभर," ती म्हणाली. तू रडलीस, मग संत्राबर्फी मिळाल्यावर गप्प झालीस.

फुलोरा आला तेव्हा मंदाने रंगाच्या ब्रशने आपल्या वेलीचे पराग रेखाच्या वेलीवर नेले. "तुझी वेल आरोपी नाही वं पोरी, सोयरी आहे," असे तिला म्हणाली. त्यातून धरलेल्या बियांची रोपे सोसायटीच्या सामायिक भिंतीलगत लावली. एकाचे पान दुसऱ्यासारखे नाही. बरीच पांढरी पडून मेली, काही टिकली. त्यांची द्राक्षे बारीक, आंबटढाण. मी तोंड वाकडे केले, तर म्हणाली, "खायले थोडीच लावली? टिकायले लावली."

ती गेल्यावर अध्यक्ष माणसे घेऊन भिंतीजवळचे हे "जंगल" साफ करायला आले. मी तिथेच खुर्ची टाकून बसले. रेखा चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. दुपारी माणसे परत गेली. पुन्हा येतील. म्हणून गेल्या आठवड्यात मी हळदीकुंकू केले. होय, तुमच्या आजीने, आजोबा हयात नसताना. पहिले कुंकू मला रेखाने लावले. वाण म्हणून मंदाने मागे पिशव्यांत लावून ठेवलेली बियांची रोपे दिली. दुर्गाताईंनी पिशवी हातात फिरवून पाहिली.

"हिले द्राक्षं गोड येतीन ना?"

"माहीत नाही."

"मंग रोग तरी नाही ना येनार?"

"येईल."

"मंग घेऊन करू काय वं माय?"

"लावा. तुमची मेली तर रेखाची जगेल. सगळ्या एकदम मरणार नाहीत, एवढे नक्की."

दुर्गाताईंनी ती पिशवी खाली ठेवली, वाकून रांगेतली दुसरी, मोठ्या पानांची उचलली आणि पदराआड धरून निघाल्या. आता घराघरांत एकेक रोप आहे; भिंत साफ केली तरी अध्यक्षांना दारोदार हिंडावे लागेल. मंदाचा ब्रश माझ्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या डब्यात उभा आहे. येत्या फुलोऱ्यात पराग मी नेईन, फांदी रेखा धरणार आहे.