कपाटातला राउटर

चंदीगडला बदली झाली तेव्हा सरकारी क्वार्टरच्या जाड भिंतींचं माझ्या नवऱ्याला फार कौतुक होतं. उन्हाळ्यात घर गार राहील म्हणे. त्या भिंतींतून वाय-फाय मात्र जात नव्हतं. त्यात राउटर त्याने हॉलमधल्या लोखंडी कपाटात कोंबलेला, कारण वायरी दिसलेल्या त्याला चालत नाहीत. मी मागच्या खोलीत बसून बोलताना अडखळणाऱ्यांना ऑनलाइन थेरपी देते. ते माझं काम आहे, विरंगुळा नाही.

राउटर बाहेर काढ, पॅसेजमध्ये उंचावर लाव, असं दिवाळीपासून सांगत होते. शेवटी त्याने एक एक्स्टेंडर आणला आणि माझ्या टेबलाजवळच्या प्लगमध्ये खोचला. जिथे मुळात सिग्नलच पोचत नाही तिथे तो वाढवणार काय? मी तसं म्हटलंही. दिवा तर लागलाय, म्हणून तो पंचकुल्याला ऑफिसला निघून गेला.

त्याच आठवड्यात लातूरची एक मुलगी स्क्रीनवर होती. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होती. स्वतःचं नाव सांगतानाच तिचा शब्द अडकायचा. कित्येक महिने आम्ही त्यावर मेहनत घेतली होती. त्या सकाळी तिने श्वास घेतला, ओठ हलले आणि चित्र गोठलं. परत आलं तेव्हा ती हसत होती, मी काय म्हणते याची वाट बघत. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खोटं बोलवेना. पुन्हा एकदा म्हण, म्हणाले. शब्द अडकला. परत अडकला. मग तिने कॅमेराच बंद केला.

मी रागाने उठले. कपाट उघडलं, राउटर बाहेर ओढला. सेक्टरच्या मार्केटमधून इलेक्ट्रिशियनला बोलावलं, लांब वायर ओढून घेतली आणि राउटर पॅसेजच्या भिंतीवर छताजवळ ठोकून घेतला. वायर झाकू का, त्याने विचारलं. नको, म्हटलं. एक्स्टेंडर मी तिथून अर्ध्या वाटेवर, माझ्या खोलीच्या दाराबाहेर लावला. आमची लेक शाळेतून आली आणि म्हणाली, मम्मा, अब तो मेरे रूम में भी आ रहा है।

संध्याकाळी नवरा दारातच थांबला. "मला विचारायचं तरी."

"दिवाळीपासून दुसरं काय करतेय?"

"अगं, पण एवढ्याशा नेटसाठी भिंत..."

"नेटसाठी नाही. एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता स्वतःचं नाव बोलली असेल, आणि तुझ्या कपाटापायी मी ते ऐकलं नाही."

तो हातपाय धुवायला गेला.

त्या मुलीने बरेच दिवस मेसेजला उत्तर दिलं नाही. मग एके दिवशी परत आली. नाव पुन्हा अडकलं, पण यावेळी मला तो अडलेला श्वासही स्पष्ट ऐकू येत होता. मी मध्ये बोलले नाही. तिने पूर्ण केलं. ती मुलाखत हुकली. दुसरीची तयारी चालू आहे.

मागच्या रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातले एकजण सपत्नीक जेवायला आले. त्यांच्याकडेही नेटची रड. नवरा ऐटीत सांगू लागला, राउटर उंचावर, मोकळ्यावर लावायचा, बस, आम्ही तेच केलं. मी पोळी वाढता वाढता थांबले. "आम्ही नाही. मी केलं," म्हणाले. मग पुढची पोळी वाढली. मला अजिबात वाईट वाटलं नाही.