यादीतल्या राधाबाई

नरहरी धाबेकर एकवीस वर्षं भिलाईच्या सेक्टर सातमध्ये माझा शेजारी होता. या एकवीस वर्षांत यादी केल्याशिवाय त्याने एक काम केलं नाही. बाजारात निघाला तरी खिशात चिठ्ठी. कांदे, तेल, दाढीची पाती, आणि सगळ्यांत खाली 'घरी परत येणे' असंसुद्धा. मी म्हणायचो, "नऱ्या, श्वास घ्यायचंही लिहून ठेव, विसरशील." तो हसायचा आणि पुढची यादी काढायचा. अशा माणसावर चिडून तरी काय उपयोग!

कारखान्यात तो प्लॅनिंगला होता. मोठी भट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवायची, तर कोणता माणूस कोणत्या तासाला कुठे उभा राहील, हे तो भिंतीएवढ्या कागदावर आडव्या पट्ट्या ओढून दाखवायचा. तीच विद्या त्याने लग्नांना लावली. आम्ही विदर्भातून आलेली पन्नास-साठ घरं. कोणाच्या घरी लग्न ठरलं की आधी भटजी नव्हे, नरहरी यायचा. त्याच्या लग्नात ना पंगत उशिरा बसली, ना अक्षता कमी पडल्या. आणि माणूस हरवणं? छे! नागपूरहून आलेला एक बहिरा म्हातारा दुर्ग स्टेशनावर चुकला होता, त्यालाही याने मुहूर्ताआधी मांडवात आणून बसवला होता.

त्याची बायको विजया तापाने गेली तेव्हा मुलगी रत्नमाला सहा वर्षांची होती. तिला वाढवलं नरहरीच्या थोरल्या बहिणीने, राधाबाईंनी. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो. चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि सासरच्यांनी तिला जी माहेरी आणून सोडली ती सोडलीच. आधी नरहरीला तिने लहानाचा मोठा केला, मग त्याच्या पोरीला. तिच्या हातची वांग्याची भाजी खायला क्वार्टरांची अख्खी लाईन यायची. पण हळदीकुंकू असलं की अक्का आपणहून आत जाऊन बसायची. लाईनीतल्या सिंधुताईंच्या मुलीच्या लग्नात तिने रुखवताचं एक ताट कौतुकाने सरळ केलं, तर सिंधुताईंनी ते ताट उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं. अक्का खाली मान घालून घरी आली. नरहरीने ते पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं, आणि मग पंगतीत बसून चार जिलब्या खाल्ल्या होत्या. खोटं कशाला सांगू?

रत्नमाला शिकली, दिल्लीत नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. माणसं चांगली, पण पैसा उतू चाललेला. ते म्हणाले, लग्न राजस्थानात, तळ्याकाठच्या महालात करू. महालाचं आता हॉटेल झालेलं. नवरदेव नावेतून येणार, घाटावर शहनाई, संगमरवरी चौकात मांडव, पाहुण्यांना केशरी फेटे. तुम्ही फक्त माणसं आणा. ही गोष्ट त्र्याण्णवची. भिलाईत तेव्हा सेक्टरमधल्या मैदानावर तंबू ठोकला आणि आइस्क्रीम ठेवलं की थाटाचं लग्न झालं. आमच्या लाईनीत महिनाभर दुसरा विषय नव्हता.

मला वाटलं, नरहरी नाही म्हणेल. साध्या वळणाचा माणूस. तर हा पठ्ठ्या एका फोनवर हो म्हणून मोकळा! मी त्याला व्हरांड्यात गाठलं. "कावून बे, भिलाईत जागा कमी पडून राहिली काय तुले?"

तो म्हणाला, "श्यामराव, पोरीची ओटी अक्काने भरावी, असं पोरीच्या मनात आहे. माह्याही मनात आहे. इथं भरली त शंभर तोंडं उघडतीन, अन् तिच्या हातून ताट हिसकतीन. तिथं कोण ओळखते तिले? तिथं ते फक्त आत्या."

या माणसाने महाल हवा म्हणून होकार दिला नव्हता. आयुष्यात एकदा आपल्या बहिणीने चारचौघांत खण-नारळ हातात घ्यावा, एवढ्यासाठी तो हजार किलोमीटर लांब जायला निघाला होता.

अक्का आधी नाहीच म्हणाली. रत्नमालेने दिल्लीहून फोन करून तिला झापलं, "आत्या, ओटी तूच भरशील, नहीं तो मैं ससुराल जाऊँगी ही नहीं." तेव्हा ती कबूल झाली. आणि मग काय तिची तयारी! खण तिने स्वतः निवडला, हिरवा. नारळ कानाशी हलवून पाहिले. एका दुपारी मी सहज डोकावलो, तर अक्का उशीला पदर पांघरवून तिच्या ओटीत तांदूळ घालायची तालीम करत होती. मला पाहून अशी लाजली, जसं चौदाव्या वर्षी लाजायचं राहूनच गेलं होतं.

नरहरीच्या कागदावर तेव्हा एकशे बारा पट्ट्या होत्या. नवरदेवाची नाव घाटाला, इतके वाजून इतकी मिनिटं. अंतरपाट, मुंडावळ्या, अक्षता, सगळं एका ट्रंकेत, ट्रंकेच्या झाकणावर यादी. आणि पाठवणीच्या आधी एक लाल पट्टी : ओटी, अक्का, पंधरा मिनिटं. नवरदेवाच्या नावेलासुद्धा त्याने दहाच दिली होती.

मग खोल्यांसाठी पाहुण्यांची यादी हॉटेलला पाठवायची होती. ती त्याने ऑफिसात बसून इंग्रजीत टाईप केली. श्री व सौ. अमुक, श्री व सौ. तमुक, सगळी जोडपी. राहिल्या दोघी : अक्का आणि माझी आई तुळसाबाई, तीही विधवाच. अक्काचं आडनाव काय लिहायचं, इथे तो अडला. ज्यांनी तिला हाकललं त्यांचं? ते त्याच्या बोटांतून उतरेना. धाबेकर लिहावं तर कागदोपत्री खोटं. नुसतं 'आर.' लिहिणं त्याला अपमानाचं वाटलं. शेवटी त्याने पूर्ण मानाने टाईप केलं, राधाबाई. आणि जोडीला शोभावं म्हणून खाली, तुळसाबाई. मला कागद दाखवला. मी म्हटलं, झकास. मी माझ्या आईला बाईच म्हणतो. आमच्याकडे त्याहून मोठा मान नाही.

नरहरी दोन दिवस आधी पुढे गेला. वऱ्हाड मी नेलं. गाडी सहा तास उशिरा पोचली. साडेअकराचा मुहूर्त, आणि आम्ही नऊला हॉटेलच्या दारात. नुसती धावपळ. गळ्यात हार, हातात गुलाबाचं सरबत, किल्ल्या वाटणं सुरू. जोडपी आपापल्या खोल्यांकडे गेली. एक गणवेशातला माणूस कागद पाहत म्हणाला, "बाई लोग इधर से."

मला वाटलं, बायामाणसांची वेगळी सोय आहे. किती चांगलं! मीच आईची पिशवी त्याच्या हातात दिली. अक्का ओटीचं ताट दोन्ही हातांनी धरून, नव्या जरीकाठी लुगड्यात, त्याच्या मागोमाग चालायला लागली. जाताना मला म्हणाली, "श्यामराव, नरूले सांग, मी आली म्हणून. तो बोलावन तवाच मी येईन, तसं ठरलं हाय आमचं."

मी नरहरीला सांगितलं. त्याने कागदावर खूण केली.

लग्न कसं झालं विचाराल, तर तसं लग्न मी पुन्हा पाहिलं नाही. नाव मिनिटावर आली. नरहरी विधुर, म्हणून कन्यादान त्याचा चुलतभाऊ देवीदास आणि त्याची बायको बेबीताई यांनी केलं. मंगलाष्टकांच्या वेळी मला आई दिसली नाही, अक्का दिसली नाही. मी शोधलंही नाही. विधवा बाया लग्नात मागेच असतात, कुठेतरी खांबाआड उभ्या असतात, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की त्या नसल्या तरी असल्यासारख्याच वाटतात. जेवणाच्या वेळीही मी हेच म्हणालो, असतील कुठेतरी.

चारला पाठवण. जोडप्याला विमान गाठायचं होतं. नरहरीने हॉटेलच्या माणसाला सांगितलं, "राधाबाईंना बोलवा." तो जाऊन आला. "साहब, मेहमानों में ऐसी कोई नहीं है." नरहरीने दुसरा माणूस पाठवला. मग स्वतः धावला. वरच्या मजल्यावरची एकेक खोली ठोठावत सुटला. रत्नमाला पाटावर बसून मान वळवून वळवून पाहत होती. "आत्या कुठं आहे? बाबा, आत्या कहाँ है?" नवऱ्याकडची मंडळी चांगली, कोणी ओरडलं नाही, पण घड्याळं पाहायला लागली. शेवटी कोणीतरी बेबीताईंना पुढे केलं. त्यांनी स्वतःच्या पिशवीतला एक नारळ आणि मांडवातले तांदूळ घेऊन ओटी भरली. दोन मिनिटं लागली. रत्नमाला हमसून हमसून रडत गाडीत बसली. लोकांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून.

नरहरी परत आला तेव्हा गाडी गेली होती.

आम्ही दोघांनी मिळून त्यांना शोधलं. भटारखान्याच्या मागे, चादरी वाळत घातल्या होत्या तिथे, नोकरांच्या खोल्यांची रांग होती. शेवटच्या खोलीत माझी आई खाटेवर झोपली होती. दुसऱ्या खाटेच्या कडेला अक्का ताठ बसलेली. मांडीवर ताट, ताटावर झाकलेला रुमाल. जेवणाच्या दोन थाळ्या कोपऱ्यात तशाच पडलेल्या.

"झालं काय रे लगन?" तिने विचारलं.

"अक्का, तू इथं कावून बसून राहिली?" नरहरी दारातूनच म्हणाला.

"बाजा वाजला तवा आम्ही गेलतो एकडाव दारापर्यंत. चौकीदार म्हणे, बाई लोगों का खाना वहीं आएगा, बुलाएँगे तब आना. मी म्हटलं, बराबर हाय, नरू बोलावनच." मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "मंग मले समजलं. एवढे मोठे लोकं आलेले. तुले नसन जमलं. मले काई राग नाई रे, नरू. तू कावून रडते?"

नरहरी तिच्या पायाशी खाली बसला. मी आईला उठवायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

मॅनेजरने यादी दाखवली. दोन नावांपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, कामवाल्या. बिचारा हात जोडून म्हणत होता, "साहब, नाम के साथ सिर्फ़ बाई लिखा था, न कोई सरनेम, न कुछ." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. पण भिलाईत माझी बायको रोज सकाळी शेजारणीला विचारायची, "आपकी बाई आई क्या?" आम्ही घरात एका अर्थाने जगत होतो आणि दारात दुसऱ्या. नरहरीची चूक एवढीच, की त्याने घरातला शब्द दाराबाहेर पाठवला.

परतीच्या गाडीत त्याने अक्काला सगळं समजावून सांगितलं. कागद दाखवला. ती म्हणाली, "हाव रे, समजलं मले." लहान पोर कपबशी फोडून खोटं बोलतं, तेव्हा आई म्हणते ना, तसं. नंतरही तो सांगत राहिला. दर वेळी ती तितक्याच मायेने मान हलवायची. तिला वाचता येत नव्हतं, आणि पन्नास वर्षांचा अनुभव तिच्या बाजूने होता. मागे बसवलं जाणं तिला ओळखीचं होतं. चुकून बसवलं जातं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

नरहरीने त्यानंतर कोणाच्याही लग्नाचा कागद ओढला नाही. लोक येत, तो चहा पाजून परत पाठवी.

शहाण्णवला तो रिटायर झाला आणि भिलाईतच नेहरू नगरला घर बांधून राहायला गेला. त्याच वर्षी रत्नमाला सातव्या महिन्यात माहेरी आली. डोहाळजेवणाला आमची सगळी लाईन तिथे लोटली, सिंधुताईसकट. रत्नमाला पाटावर बसली आणि सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाली, "पहिली ओटी आत्या भरेल. बाकी सब बाद में." कोणी चकार शब्द काढला नाही. सिंधुताईसुद्धा सरकून बसल्या. नरहरी स्वतः आतून ताट घेऊन आला. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. त्याने ताट अक्कापुढे धरलं.

अक्का दोन पावलं मागे सरली. भाचीच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या कानाशी वाकली. हळूच बोलली, पण खोलीत इतकं शांत होतं की सगळ्यांनाच ऐकू आलं.

"नको वं पोरी. चार लोकांत तुया बाबाले बरं वाटत नाई."