जिंकेपर्यंत कात्री नाही

मामांच्या केशकर्तनालयाच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली एक पाटी होती: 'शनिवारी एक वाजल्यानंतर डोके आणू नये.' नवे लोक ती वाचून हसत. जुने लोक घड्याळाकडे पाहत, कारण मामा एका डोक्याला चाळीस मिनिटे घेत असत, हे त्यांना ठाऊक होते. आधी मान, मग डावा कान, मग उजवा, मग माथा आणि सर्वांत शेवटी कपाळावरचे केस. हा क्रम मामांच्या गुरूंनी घालून दिला होता आणि एकोणतीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. अर्धवट डोके दुकानाबाहेर सोडणे मामांना मान्य नव्हते. घाई करणे तर त्याहून मान्य नव्हते. एकदा एक नवरदेव शनिवारी एक वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत आला. त्याचे लग्न चार वाजता होते. मामांनी त्याला आदराने पाणी दिले आणि तितक्याच आदराने परत पाठवले, कारण अडीच वाजता सामना होता.

सामना फुटबॉलचा आणि संघ सातव्या श्रेणीतला. सातव्या श्रेणीच्या खाली फक्त जमीन होती. मैदान कालव्याला लागून असल्यामुळे ते बाराही महिने ओलसर असे, म्हणून सारे लोक संघाला 'बदके' म्हणत. प्रारंभी ही थट्टा होती. पुढे संघानेच सदऱ्यावर बदक शिवून घेतले, आणि थट्टा करणाऱ्यांचे तोंड बंद झाले.

एकोणतीस वर्षांत मामांनी या मैदानावरचा एकच सामना चुकवला होता. त्या शनिवारी डॉक्टरांनी त्यांचे अपेंडिक्स काढले, आणि नेमक्या त्याच दिवशी बदकांनी चार-शून्य असा विजय मिळवला. मैदानाच्या पायऱ्यांवर मामांच्या शेजारी नित्य उभा राहणारा प्लंबर आजही हा विषय सोडत नसे. "मामा, पोटात अजून काही काढण्यासारखं शिल्लक आहे का बघ," असे तो दर पराभवानंतर सुचवी. प्लंबरच्या डोक्यावर एकही केस नव्हता, त्यामुळे तो मामांचा गिऱ्हाईक नव्हता आणि त्यांना भीतही नव्हता. कालव्यात गेलेला चेंडू लांब काठीच्या जाळीने बाहेर काढण्याचे काम त्याने आपण होऊन पत्करले होते.

मामांना सगळे 'मामा' म्हणत, याचे कारण त्यांचा सख्खा भाचा संघाचा गोलरक्षक होता. तो आठवडाभर घरोघरी टपाल पोचवी आणि शनिवारी गोलपोस्टमध्ये उभा राही. सामन्यापूर्वी तो पायऱ्यांकडे वळून "मामा" अशी हाक मारी, आणि मामा छातीवरच्या खिशाला हात लावून उत्तर देत. त्या खिशात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली त्यांची कात्री असे. ती मैदानावर कधी बाहेर निघत नसे. ती केवळ सोबत असे.

आता त्या नियमाविषयी सांगितले पाहिजे, ज्यामुळे पुढचे सर्व घडले.

सहा वर्षांपूर्वी बदकांनी लागोपाठ चार सामने जिंकले. असे का झाले, याचा मामांनी शांतपणे विचार केला. प्रशिक्षक तोच होता, खेळाडू तेच होते, चिखलही तोच होता. फरक एवढाच होता की त्या महिन्यात भाच्याने केस कापले नव्हते. पाचव्या सामन्याच्या आदल्या दिवशी मामांनी ते कापले, आणि संघ हरला. इतका पुरावा कोणत्याही न्यायाधीशाला पुरला असता. तेव्हापासून ठरले की संघ जिंकला तरच पुढल्या सोमवारी भाच्याच्या केसांना कात्री लागेल. जिंकेपर्यंत कात्री नाही. प्रशिक्षकाने मान डोलावली, खेळाडूंनी मान डोलावली आणि भाच्याने, ज्याची मान होती त्यानेही, डोलावली.

बदके महिन्या-दीड महिन्यात एकदा जिंकत, तोवर या नियमाचा कोणालाच त्रास झाला नाही. या वर्षी मात्र माशी शिंकली. हंगामातला दुसरा सामना संघ जिंकला, आणि त्यानंतर सात महिने विजय म्हणून नाही. या काळात प्रत्येक पाहुण्या संघाने बदकांची बिनपाण्याने हजामत केली. एकट्या गोलरक्षकाची तेवढी व्हायची राहिली. त्याचे केस भुवयांखाली आले, मग नाकाखाली, आणि अखेर हनुवटीला टेकले. टपाल वाटताना एका म्हातारबाबांनी त्याला "बाई, माझं पत्र आलंय का?" असे विचारले. मामींनी दया येऊन स्वतःचा केसांचा पट्टा त्याला दिला. तो लावून खेळला त्या दिवशी पाच गोल झाले, तेव्हा मामांनी पट्ट्यावरही बंदी घातली.

"गोल पट्ट्यामुळे झाले नाहीत," मामी म्हणाल्या. "त्या दिवशी आपले तीन गडी तापाने घरी होते."

"तापाचं मला सांगू नकोस. आजवर तापातही पाच कधी झाले नव्हते."

"अहो, घोड्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि वर शर्यत का हरला म्हणून घोड्यालाच विचारायचं, असं चाललंय तुमचं. पोराला चेंडू दिसत नाही."

"तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"फुटबॉलमधलं नाही कळत. डोळ्यांतलं कळतं."

मामींचे म्हणणे चूक नव्हते, कारण त्या चष्म्याच्या दुकानात तेवीस वर्षे लोकांची नजर तपासत होत्या. तथापि, घरातल्या माणसाचा सल्ला हा दारातल्या झाडासारखा असतो. त्याची सावली सर्वांना मिळते, फक्त घरच्यांना ते दिसत नाही.

हंगामाचा शेवटचा सामना आला. पाहुणे होते गिरणीवाले. त्यांना बरोबरी पुरेशी होती, बदकांना मात्र जिंकणेच आवश्यक होते. हरले किंवा बरोबरी झाली, तर संघ श्रेणीबाहेर जाणार होता. आणि श्रेणीबाहेरच्या संघासाठी मैदान ठेवायचे नाही, तेथे मोटारी उभ्या करायच्या, असे नगर समितीने लेखी कळवले होते. ते पत्र क्लबला नेऊन देणारा टपालवाला दुसरा कोणी नव्हता, भाचाच होता. मामा आठवडाभर नीट जेवले नाहीत. दारावरच्या त्या पाटीचे पुढे काय करायचे, एवढा एकच विचार त्यांच्या मनात फिरत होता. शनिवारी एक वाजल्यानंतरही दुकान उघडे ठेवायचे, म्हणजे नेमके कोठे जायचे नाही?

त्या दिवशी मामी स्वतः होऊन मैदानावर आल्या आणि मामा व प्लंबर यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

बाविसाव्या मिनिटाला गिरणीवाल्यांनी एक साधा उंच चेंडू गोलपोस्टकडे टाकला. भाच्याने मान झटकली. केस उजवीकडे गेले आणि पुन्हा डावीकडून परतले. त्याने दोन्ही हात वर केले ते योग्यच केले, परंतु चेंडू तेथे नव्हता. तो त्याच्या मागे जाळ्यात होता.

"बघितलंत?" मामींनी विचारले.

"ऊन डोळ्यांवर आलं त्याच्या."

"ऊन पाठीवर आहे त्याच्या."

मामांनी आकाशाकडे पाहिले. सूर्य खरोखर भाच्याच्या पाठीमागे होता आणि जागा बदलण्याची काही चिन्हे दाखवत नव्हता.

"मामा," प्लंबर म्हणाला, "गोलपोस्टला आपण गोलकीपर लावलाय की पडदा?"

 पुढची वीस मिनिटे मामांनी चेंडू पाहिलाच नाही. आयुष्यात प्रथमच ते भाच्याकडे गोलरक्षक म्हणून न पाहता एक डोके म्हणून पाहत होते, आणि ते डोके पाहून त्यांच्यातल्या कारागिराला लाज वाटली. पोरगा दर दहा सेकंदांनी मान झटकत होता. सात महिने तो हेच करत आला होता, पण एकदाही कुरकुरला नव्हता. मध्यांतराची शिट्टी वाजली तेव्हा मामा पायऱ्या उतरू लागलेही होते.

"अहो, कुठे?"

"दुकान उघडायला."

कपडे बदलण्याची खोली म्हणजे पत्र्याची एक शेड होती. आत ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास कोंडला होता. प्रशिक्षक, जो एरवी लोकांना मोटार चालवायला शिकवत असे, तो हात हलवत सांगत होता, "घाई करू नका. आधी आरसा बघा, मग वळा." मामा सरळ आत गेले, भाच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी कापड उलगडून कात्री काढली. 

"मामा, आपण जिंकलो नाही अजून," प्रशिक्षक हळूच म्हणाला. "नियम आहे."

"नियम माझा आहे. मीच मोडतोय." मग ते भाच्याला म्हणाले, "मान खाली."

"मामा, याच्यामुळे हरलो तर?"

"केस परत उगवतात. मैदान उगवत नाही. मान खाली घाल."

आणि येथे मामांच्या हातून ती चूक झाली, जी केवळ त्यांच्याच हातून होऊ शकली असती. त्यांनी मानेपासून आरंभ केला. एकोणतीस वर्षांचा हात होता तो. त्याला सामना, मध्यांतर, श्रेणी यांतले काही ठाऊक नव्हते. मान झाली, अगदी सुबक झाली. मग त्यांनी डावा कान हाती घेतला. मामी शेडच्या दारात येऊन पाहत होत्या.

"अहो, तो मानेनं बघत नाही. समोरून कापा."

"क्रम आहे त्याला."

"पंच बोलावतायत," बाहेरून प्लंबर ओरडला.

मामांनी वर पाहिले. मान आरशासारखी झाली होती, डावा कान मोकळा झाला होता, आणि कपाळावरचे केस जसेच्या तसे हनुवटीवर लोंबत होते. मध्यांतराची बारा मिनिटे संपली होती. शिट्टी वाजली. हा माणूस अशा स्थितीत दुकानाबाहेर पडणार होता, तोही दोनशे लोकांपुढे.  मग मामांनी डाव्या हातात भाच्याच्या कपाळावरचे सर्व केस एका मुठीत धरले, डोळे मिटले आणि एकदाच कात्री चालवली.

भाच्याने मान वर केली. एका भुवईवर दोन बोटे केस होते, दुसरीवर अर्धे बोट. उजव्या कानावर जुना पडदा तसाच होता.

"अरे, तुम्ही सगळे एवढे जवळ बसलेले असता होय?" तो म्हणाला आणि धावत बाहेर गेला.

लोक हसले. गिरणीवाले तर पोट धरून हसले, आणि त्यांचा पुढचा खेळाडू गोलरक्षकाचे डोके पाहण्याच्या नादात दोनदा चेंडू विसरला. मामा मान खाली घालून उभे होते. मेंढरूदेखील यापेक्षा बरे भादरतात, असे कोणी तरी मागून म्हणाले. त्यांनी ते ऐकले आणि पचवले.

परंतु भाच्याला आता चेंडू दिसत होता. पहिला त्याने छातीवर घेतला, दुसरा पायाने अडवला, तिसऱ्यासाठी तो असा आडवा झेपावला की प्लंबरने जाळी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मागे गोलरक्षक भक्कम आहे असे कळल्यावर पुढच्या बदकांनाही पंख फुटले. एकसष्टाव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. तो गुडघा नेमका कोणाचा, यावर आजही तीन जण हक्क सांगतात. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला बदकांच्या बेकरीवाल्या खेळाडूने लांबून फटका मारला आणि संघ दोन-एक असा पुढे गेला.

अगदी शेवटी गिरणीवाल्यांचा एक जबरदस्त फटका गोलपोस्टच्या कोपऱ्याकडे निघाला. भाच्याच्या बोटांची टोके त्याला लागली, एवढीच. चेंडू वरून उडाला आणि कालव्यात पडला. दुसरा चेंडू आधीच तेथे तरंगत होता, आणि तिसरा चेंडू नव्हता. आता सर्व काही प्लंबरच्या हाती होते. एरवी अर्ध्या मिनिटात चेंडू काढणाऱ्या या मनुष्याने त्या दिवशी प्रथम जाळीची गाठ तपासली, मग काठी पुसली, आणि नंतर वाऱ्याची दिशा पाहिली.

"लवकर काढ," गिरणीवाले ओरडले.

"गळती कुठे आहे ते पाहिल्याशिवाय मी पाण्यात हात घालत नाही," प्लंबर म्हणाला.

पंचांनी घड्याळ पाहिले, कालव्याकडे पाहिले आणि शिट्टी वाजवली.

सोमवारी भाचा खुर्चीत बसला. नियमाप्रमाणे ते योग्यच होते, कारण संघ जिंकला होता. मामांनी दोन रात्री त्या वाकड्या झुलपांच्या विचारात तळमळून काढल्या होत्या. त्यांनी कापड झटकले, कात्री उचलली, आणि इतक्यात दारातून प्रशिक्षक, बेकरीवाला आणि आणखी चार खेळाडू आत आले.

"त्याच्या केसांना हात लावू नका, मामा," प्रशिक्षक म्हणाला. "आम्हालाही असेच कापून द्या. सगळ्या संघाचे."

"असे?" मामांनी कात्री खाली ठेवली. "माझ्या दुकानातून?"

"याच डोक्यानं वाचवलंय आपल्याला."

मामांनी आरशातून मामींकडे पाहिले. त्या डबा द्यायला आल्या होत्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तेथून मदत येणार नव्हती. मग मामांनी समोर आलेली सहाही डोकी त्याच दिवशी वाकडी केली. प्रत्येकाला त्यांनी पूर्ण चाळीस मिनिटे घेतली, कारण वाकडे कापायचे तर तेही नीट कापले पाहिजे, असे त्यांचे मत होते. सर्वांत शेवटी प्लंबर खुर्चीत येऊन बसला आणि आपल्या तुळतुळीत डोक्यावरून त्याने हात फिरवला.

"माझं काय करता येईल?"

"तू आहेस तसाच शकुनाचा आहेस," मामा म्हणाले, आणि तरीही त्यांनी त्याच्या मानेवरून एकदा वस्तरा फिरवला.

दुकान बंद करताना मामींनी विचारले, "मग आता नवा नियम कोणता?"

"नियम वगैरे काही नाही. शहाणा झालोय मी."

नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात मध्यांतराला शून्य-शून्य अशी स्थिती होती. मामा पायऱ्यांवर स्तब्ध उभे होते. त्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

"अहो," मामी म्हणाल्या.

"नुसता बघून येतो."

ते शेडच्या दाराशी पोचले. आत अकराही खेळाडू बाकावर एका ओळीत बसले होते. कोणी त्यांना सांगितले नव्हते; तरी अकराही माना खाली होत्या.