चालू स्थितीत बंद

कंगव्याचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर पाचचा लावलेला असायचा. तो वाजायच्या आत उठून त्याचं तोंड बंद करणं हा रोजचा पहिला विजय. मग चहा, मग बहात्तर पायऱ्या उतरणं. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. साडेसहाला तो मॉलच्या मागच्या दारातून आत शिरायचा, सरकत्या जिन्यापाशी गुडघे टेकायचा आणि बोटाने दात मोजायचा.

सरकत्या जिन्याच्या पायऱ्या जिथे जमिनीत शिरतात तिथे एक पिवळी पट्टी असते. तिला कंगव्यासारखे दात असतात. हे दात पायरीच्या खाचांमध्ये बसतात आणि चप्पल, चिंधी, कागद, काय असेल ते बाहेर लोटतात. एक दात जरी तुटला तरी तेवढ्या फटीत जिना हवं ते ओढून घेतो. खाली एकशे बेचाळीस, वर एकशे बेचाळीस. रोज मोजायचे, वहीत सही करायची, मगच किल्ली फिरवायची: एका बाजूला फिरवली की जिना वर, दुसऱ्या बाजूला की खाली. या मोजणीवरून जिन्याच्या या मेकॅनिकला कंगवा हे नाव पडलं. तिशीतच त्याच्या डोक्यावरचा शेवटचा केस गेला, तेव्हा ते नाव पक्कं झालं.

मॉल उघडला तेव्हा तो वस्तीच्या टोकाला होता, बस जिथे वळून परत जायची तिथे. आसपास रिकामी मैदानं. लोक खरेदीला यायचे नाहीत, जिना बघायला यायचे. पहिले सहा महिने कंगव्याचं काम एकच, खाली उभं राहून माणसं चढवणं. "उजवा पाय. हात पट्ट्यावर. खाली बघू नका." काहींनी चपला काढून हातात घेतल्या. एक आजोबा वर पोचले आणि तिथेच बसून राहिले; उतरायलाही जिनाच लागेल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वर पहिलं दुकान कॅसेटचं. दुकानदार त्या वेळच्या हिरोसारखे केस फुगवायचा आणि दिवसभर एकच गाणं लावायचा. त्यासमोर शिवणवाल्या बाई, एका मशीनपुरती जागा. नव्या पँटी कापून बेताच्या करणं हा त्यांचा धंदा. तेव्हा पँटींचे पाय एवढे रुंद होते की बाई म्हणायच्या, "एका गिऱ्हाइकाच्या उरलेल्या कापडात दुसरं गिऱ्हाईक बसेल."

चौथ्या वर्षी कंगव्याच्या हातून चूक झाली. त्या वर्षी एका सिनेमातल्या नटीने मऊ रबरी सँडल घातल्या होत्या आणि बघता बघता सगळं गाव त्याच सँडलवर चालायला लागलं. मॉलच्या चौकात नाचाची स्पर्धा झाली होती. तीन दिवस गर्दी, तीन दिवस दोन-दोन पाळ्या. चौथ्या दिवशी सकाळी तो गुडघे टेकून बसला नाही. उभ्यानेच दातांवर नजर फिरवली, सही ठोकली, किल्ली फिरवली. दुपारी आठ वर्षांच्या एका मुलीची सँडल वरच्या पट्टीत ओढली गेली. त्याने लाल बटणावर मूठ मारली, जिना थांबला, पाय निघाला. अंगठ्याचं नख गेलं. वडील मुलीला उचलून घेऊन जाता जाता त्याला म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून वाचली."

शिव्या दिल्या असत्या तर त्याला झेपलं असतं. हे आभार काही पचले नाहीत. त्याने वही काढली आणि स्वतःच्या सहीखाली लिहिलं: दात मोजले नाहीत. एक तुटलेला होता.

तेव्हाचा मॅनेजर ओरडला, "हे लिहायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग खोड."

"खोडत नाही."

महिनाभर त्याला कचरा उचलायला लावलं. पण त्या दिवसापासून बोट लावल्याशिवाय त्याने सही केली नाही. ताप असो, बोटाला पट्टी असो. पट्टी असेल तर डाव्या बोटाने.

दर तीन महिन्यांनी जिन्याखालचा खड्डा साफ करायचा. जमिनीतली लोखंडी झाकणं उचलायची. एकेक झाकण एका माणसाइतकं जड. आकडे अडकवायचे, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची. पाठ वाकवून उचलणारा चाळिशीत घरी बसतो. कंगवा साठीपर्यंत उचलत होता.

दातांमधून निसटलेलं सगळं त्या खड्ड्यात पडायचं. पहिली दहा वर्षं केसांच्या पिना, सिनेमाची अर्धी तिकिटं, कॅसेटमधली तपकिरी फीत, च्युइंगमसोबत मिळणारे हिरोंचे चकचकीत फोटो. मग वर व्हिडिओ गेमचं दुकान आलं, तशी पितळी नाणी पडायला लागली, गेमच्या मशीनमध्ये चालणारी आणि बाहेर कुठेच न चालणारी. मग सीडीचे तुकडे. मग रिचार्जची खरवडलेली कार्डं आणि मोबाइलला लटकवायच्या बाहुल्या. शेवटी शेवटी इयरफोनची रबरी टोकं, खोटी नखं आणि चमकी. चमकीचा त्याला मनस्वी राग. झाडूला येत नाही, फडक्याला येत नाही, आणि घरी गेल्यावर आमटीच्या वाटीत सापडते. पण लोक कुठल्या तालावर नाचतायत हे कळायला त्याला वर जावं लागत नसे. सुपडं भरलं की कळायचं.

कॅसेटवाल्याने तीस वर्षांत कॅसेटी, सीड्या, रिंगटोन आणि शेवटी मोबाइलची कव्हरं विकली. केस कमी होत गेले तरी फुगवणं सोडलं नाही. नाव मात्र कॅसेटवालाच. बाईंच्या हाताखालून पँटी रुंदाच्या अरुंद झाल्या, कमरेवरून घसरल्या, आणि एक दिवस एक मुलगी नवी कोरी पँट घेऊन आली, म्हणाली, "गुडघ्यावर फाडून द्या."

बाई म्हणाल्या, "जन्मभर फाटलेलं शिवलं, आता शिवलेलं फाडते. दर तोच."

मग हमरस्त्यापलीकडे मोठा मॉल झाला. त्यात अकरा सरकते जिने. कंगवा सुट्टीच्या दिवशी जाऊन बघून आला. "सात चालू होते," एवढंच म्हणाला.

जुन्या मॉलमधली गर्दी तिकडे गेली. खालची दुकानं बंद पडली, वर पाच-सहा उरली. त्यांच्या करारांची तीन-साडेतीन वर्षं शिल्लक होती. मालकांना मात्र तो मजला लगेच रिकामा हवा होता, घरपोच मालाच्या खोक्यांचं गोदाम करायला. त्यासाठी नवा मॅनेजर आला. तिशीचा, गोड बोलणारा, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. त्याने एक वाट शोधून काढली. गिऱ्हाइकांना वर जायला दुसरी वाट नव्हती; जिना कायमचा निकामी ठरला की वरचा मजला वापरायला अयोग्य ठरतो, आणि मग करार असो नसो, दुकानदारांना उठवता येतं. त्याला फक्त एका कागदावर जिन्याच्या मेकॅनिकची सही हवी होती.

"काका, बसा ना," मॅनेजर म्हणाला. कंगवा उभाच राहिला. "तुमचं वय झालं, जिन्याचं वय झालं. इथे सही करा. दोघेही सन्मानाने निवृत्त व्हा. वरून वर्षभराचा पगार एकरकमी, याच महिन्यात."

"जिना चालतोय."

"आज चालतोय."

"कागदावर आजचीच तारीख आहे."

मॅनेजर हसला. "गुरुवारी तपासणी आहे. तोवर विचार करा. सही नसेल, तर पुढचं मला काही सांगता येणार नाही."

विचार करण्यासारखं होतं. कंगव्याच्या बायकोचे गुडघे कामातून गेले होते. दोन वर्षांत ती डॉक्टरशिवाय कशासाठीही खाली उतरली नव्हती. बहात्तर पायऱ्या उतरायला अर्धा तास, चढायला एक. भाजी दोरीला टोपली बांधून वर घ्यायची. त्याच गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायच्या होत्या. साठवलेल्या पैशांत हा एकरकमी पगार घातला की त्या हातात.

त्याने घरी सगळं सांगितलं. बायको लसूण सोलत होती.

"जिना खरंच मोडलाय का?"

"नाही."

"मग?"

"मग खालच्या खोल्या."

तिने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाली, "अहो, त्या सँडलवाल्या पोरीच्या वेळी तुम्ही तीन दिवस जेवला नव्हता. ताट घेऊन मागे मागे फिरून माझे पाय तेव्हाच झिजले. परत ते नाटक नको."

"अगं, पण तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, मी बघेन. मला वर राहायची सवय आहे. तुम्हाला खोटं लिहायची नाही. ज्याला ज्याची सवय, त्याने ते करावं. आणि त्या गोडबोल्याला सांगा, बाईमाणसाच्या गुडघ्यांवर सौदा करायचा तर आधी चार मजले चढून ये म्हणावं."

गुरुवारी दहा वाजता तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड बुटांच्या, बोलणं मोजकं. मॅनेजरने कागद पुढे केला. मोटार झिजलेली, सुटे भाग मिळत नाहीत, वर कोणी जात नाही, जिना निकामी. कॅसेटवाला आणि शिवणवाल्या बाई वरच्या कठड्याशी उभे राहून ऐकत होते.

"मेकॅनिकची सही कुठे आहे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"मी मेकॅनिक," कंगवा म्हणाला. "सही नाही. जिना चालतो."

"चालवा."

त्याने किल्ली फिरवली. जिना निघाला, कुरकुर न करता.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, चालेल हो. पण वर जातं कोण? भुतं?"

कंगव्याने वही उघडली. "खड्डा सोळा दिवसांपूर्वी साफ केला. ही तारीख. आता तुमच्यासमोर उघडतो." जिना थांबवून त्याने झाकणाला आकडे अडकवले. "साहेब, दुसरा आकडा धरा."

"मी?"

"एकट्याने उचलायला मी काय भूत आहे?"

वरून कॅसेटवाला खो-खो हसला. मॅनेजरने कोट सावरत आकडा धरला आणि कमरेतून वाकला.

"पाठ नको. गुडघे वाकवा."

झाकण हललं. मॅनेजरचा चेहरा लाल झाला, पण झाकण निघालं. कंगवा खाली उतरला, सुपडं भरून वर आला आणि जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर त्याने ते ओतलं. मग गुडघ्यावर बसून एकेक वस्तू वेगळी केली. इयरफोनची टोकं नऊ. खोटी नखं सहा. शर्टाची बटणं, मोबाइलच्या काचेवरच्या फाटलेल्या पट्ट्या, बाईंच्या दुकानातले दोऱ्याचे तुकडे ढीगभर. आणि चमकी.

"सोळा दिवसांचं," तो म्हणाला. "भुतं नखं लावत नाहीत."

तपासनीस बाईंनी ढीग वाकून बघितला. त्या पिवळ्या पट्टीपाशी गेल्या, गुडघे टेकले आणि दातांवरून बोट फिरवायला लागल्या. एक, दोन, तीन. शेवटपर्यंत. कंगवा बघत राहिला. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला ते करताना त्याने पहिल्यांदा पाहिलं होतं.

"एकशे बेचाळीस," त्या उठत म्हणाल्या. "वर?"

"तेवढेच. मोजून घ्या."

त्यांनी वरचेही मोजले. हाताचा पट्टा तपासला, साखळी तपासली. "साखळीचा एक नट बदला," म्हणाल्या आणि जिना वापरास योग्य असल्याचा कागद लिहून दिला.

मॅनेजरने त्याला काका म्हणणं बंद केलं. एकरकमी पगाराचं नाव निघालं नाही. सकाळी जिना आणि दुपारी तळघरात साचलेलं पाणी उपसणं, असं काम त्याने कंगव्याला लावलं. कंगव्याने पंपाची जाळीही तशीच रोज बोटाने साफ केली. पंपाने त्याचं काय वाकडं केलं होतं? संध्याकाळी बहात्तर पायऱ्या चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागला. टोपली वर-खाली होत राहिली.

जिना तीन वर्षं चार महिने चालला. वरचा एकेक दुकानदार करार संपवून आपल्या पायांनी, आपल्या तारखेला गेला. शेवटी कॅसेटवाला आणि शिवणवाल्या बाई उरल्या. शेवटच्या दिवशी बाईंनी मशीनचं डोकं कापडात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि जिन्यावर चक्क बसून खाली आल्या. मागून कॅसेटवाला, उरलेली कव्हरं पिशवीत, केस फुगवलेले.

"भाऊ, करा आता बंद," बाई म्हणाल्या.

त्याने आधी दात मोजले, खाली आणि वर. मग किल्ली फिरवली. वहीत तारीख घातली आणि लिहिलं: चालू स्थितीत बंद केला. खाली सही. वही त्याने मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, उघडी.

तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या मधल्या काळात दुसऱ्या कुणी घेतल्या होत्या. कंगव्याने गल्लीच्या टोकाला दुसऱ्या शोधल्या. थोड्या लहान, पण उजेडाच्या. साठवलेला पगार, निवृत्तीचे पैसे, सगळं त्यात गेलं. दाराला मात्र एक पायरी होती, वीतभर उंच. सामान हलवायच्या आदल्या दिवशी सकाळी तो छिन्नी-हातोडा घेऊन तिथे बसला. पायरी दगडी होती. फोडायला पाच तास लागले. मग सिमेंट कालवून त्याने तिथे उतार केला आणि तो निसरडा होऊ नये म्हणून त्यावर काडीने आडव्या खाचा ओढल्या. हाताने मोजून, सारख्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी शेजारी खुर्ची घेऊन आले. बायको खुर्चीत बसली नाही. "शेवटच्याच आहेत, मोजून उतरते," म्हणाली आणि प्रत्येक मजल्यावर टेकत बहात्तरच्या बहात्तर उतरली. नव्या दारापाशी मात्र थबकली. मॉलच्या जिन्यावर ती जन्मात कधी चढली नव्हती. भीती वाटते म्हणायची.

"उजवा पाय," कंगवा म्हणाला. "हात माझ्या खांद्यावर. खाली बघू नकोस."

तिने खाली बघितलंच. त्या खाचा बघितल्या. "हे कुठे चालत-बिलत नाही ना?"

"नाही. जागेवरच आहे."

"मग ठीक," ती म्हणाली आणि आत गेली.