पेन्सिलीनं लिहिलेला परमेश्वर

जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये आता मी एकटीच राहते. काल कपाट आवरताना टॉवेलात गुंडाळलेलं अप्पांचं, माझ्या वडिलांचं, जुनं बायबल हाती लागलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी पुन्हा आमच्या चर्चच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसले.

त्या रविवारी बायबलच्या सुधारलेल्या भाषांतराच्या प्रती पहिल्यांदाच आल्या होत्या. जुन्या पुस्तकात जिथे ‘यहोवा’ होतं, तिथे आता ‘परमेश्वर’ छापलं होतं. अप्पा एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला. त्या खडखडाटामुळे त्यांचा आवाजही मोठा. ते स्तोत्र वाचायला उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, “यहोवा.” मागे कुणीतरी हसलं. मी अकरा वर्षांची, वर्गात वाचनात पहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकावरूनच ओरडले, “अप्पा, परमेश्वर!”

ते थांबले. “व्हय की,” म्हणाले, “तोंडात बसलंय ते.” उरलेलं स्तोत्र त्यांनी अक्षरावर बोट ठेवून, अगदी हळू वाचलं. त्यानंतर ते कधीच वाचायला उभे राहिले नाहीत. मला वाटायचं, रुसलेत.

काल स्तोत्रांची पानं उलटली. प्रत्येक ‘यहोवा’च्या वर पेन्सिलीनं, शाळकरी अक्षरात, ‘परमेश्वर’ लिहिलेलं होतं. एकही जागा सुटली नव्हती.

मी तेच स्तोत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं, मुद्दाम खालचं, छापलेलं नाव घेत. मग जरा थांबले. चूक काढायला घरात कुणीच नव्हतं.