वाकायचं की नाही वाकायचं

बडनेऱ्याच्या पुढे आमचं शेत आहे. झेंडू आणि शेवंती लावतो. सकाळी मी आणि सासूबाई तोडा करतो आणि आमचे हे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जातात. मागच्या वर्षी पावसाळा सरत आला होता तेव्हा एके सकाळी मी भरलेलं टोपलं उचलायला वाकले आणि तशीच राहिले. खाली बसता येईना, सरळ होता येईना. सासूबाईंनी मला धरून बांधावर टेकवलं. "उसण भरली," म्हणाल्या आणि घरी आणून वीट गरम करून शेकलं. पण आठवडा झाला तरी कूस बदलताना जीव जायचा.

अमरावतीच्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढला. हाडात काहीच नाही म्हणाले आणि अमरावतीतल्याच एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. त्यांनी मला चालायला लावलं, वाकायला लावलं, बाजूनं पाहिलं, मागून पाहिलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमचा कोअर, म्हणजे पोट-कमरेचा आतला पट्टा, कमजोर आहे. आणि ग्लूट्स झोपलेत."

"ग्लूट्स म्हणजे?"

"बसतो ना आपण ज्याच्यावर, ते स्नायू. ते काम करत नाहीत, म्हणून सगळा भार कंबरेवर येतो."

मग त्यांनी शिकवलं. खाली काही उचलायचं तर पाठ वाकवायची नाही, काठीसारखी सरळ ठेवायची, गुडघ्यातून बसायचं. उठण्याआधी कोअर एंगेज करायचा. म्हणजे बेंबी पाठीकडे ओढायची, पण श्वास रोखायचा नाही. मी बेंबी ओढली की श्वास थांबायचा, आणि श्वास घेतला की बेंबी सुटायची. बाई म्हणायच्या, "जमेल, जमेल."

घरी आल्यावर मी यांना सांगितलं की माझं बूड झोपलं आहे. हे जेवता जेवता थांबले. "तुयं? दिवसभर तं टेकतही नाही तू. झोपते कधी ते?"

मला हसू आलं नाही. मी खरंच विचार करत होते. इतकी वर्षं मी उठले, बसले, पोरं काखेत घेऊन विहिरीपर्यंत गेले, ते कशाच्या जोरावर? आता मात्र खुर्चीतून उठायचं तरी आधी मनात सगळं लावून घ्यावं लागे. पाय कुठे, पाठ कशी, बेंबी ओढली का. शिंक आली की मी घाबरायचे, कारण शिंकताना पाठ कशी ठेवायची ते बाईंनी सांगितलं नव्हतं.

त्यातच तिवस्याला यांच्या नात्यात बारसं होतं. तिथे एका म्हाताऱ्या आत्यांना नमस्कार करायचा होता. मी पाठ सरळ ठेवून गुडघ्यात बसत बसत खाली गेले आणि हात पुढे केले. आत्या पाय मागे घेत म्हणाल्या, "काहून वं, पाया पडून राहिली का बसून राहिली?" सगळ्या बाया हसल्या. "कंबर दुखते, वाकायचं नाही सांगितलं," म्हटलं, तर त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या हिशेबानं मी शहरातल्या बाईसारखी वागत होते.

घरी आणखी वेगळंच झालं. सासूबाई सत्तरीच्या. ओळीत शिरल्या की कमरेतून दुमडतात आणि ओळ संपेपर्यंत सरळ होत नाहीत. मी म्हटलं, "आई, असं वाकू नका, मणक्यांमधली गादी झिजते म्हणे." त्यांनी आधी ऐकलंच नाही. मग एक दिवस ओळीच्या मध्येच उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुनं सांगितल्यापासून मले पाठ आठवून राहिली. आधी आठवत नव्हती." त्या दिवसापासून त्या लवकर थकायला लागल्या. तोड्याला बाहेरची बाई लावावी लागली.

दिवाळीत मी माहेरी, अकोल्याला गेले. माझा धाकटा भाऊ जिमला जातो. मला गादीवरून उठताना बघून तो म्हणाला, "ताई, तू रोबोटसारखी काहून उठून राहिली? चल, आमच्या सरांले दाखवू." मी साडीतच गेले. तिथले सर म्हणजे दंडावर टीशर्ट ताणलेला मुलगा, पण त्यानं माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. झोपलेल्या ग्लूट्सचं सांगितलं तेव्हा हसला.

"काकू, ते झोपले असते तर तुम्ही जिना चढून वर आल्याच नसत्या."

"मग वाकू का?"

"वाकाच. पाठ वाकायसाठीच आहे. जितकं घाबराल तितकी ती आखडेल."

"आणि बेंबी?"

"सोडा तिले. पोट ढिलं ठेवा."

त्यानं मला रिकामी लोखंडी दांडी उचलायला लावली. मी वाकले, उचलली, ठेवली. काही झालं नाही. पण लगेच त्यानं शेजारच्या माणसाला ओरडून सांगितलं, "पाठ सरळ! कोअर टाईट!" मी भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "त्याच्या दांडीचं वजन जास्त आहे ना." मग कुठल्या वजनापासून पाठ सरळ करायची, आणि फुलांचं टोपलं त्यात कुठे बसतं, हे मला कुणीच सांगितलं नाही.

परत आल्यावर मी अमरावतीच्या बाईंकडे गेले आणि जिममधलं सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. पण त्या म्हणाल्या, "ताई, कोअर, झोपलेले स्नायू, ही सगळी समजावण्याची भाषा असते. शब्दशः तसंच आत घडत असतं असं नाही. आम्हाला असं शिकवलं, म्हणून आम्ही तसं बोलतो. आता आमच्यातही बरेच जण म्हणतात, वाकायला हरकत नाही."

"मग मी करू काय?"

"सुरुवातीला दुखत होतं, तेव्हा जपणं बरोबर होतं. आता हळूहळू वाकायला लागा."

मी विचारलं, म्हणजे आधीचं खरं होतं की आत्ताचं, की दोन्ही? त्यांनी मान हलवली. ती 'हो'ची होती की 'नाही'ची, ते मला कळलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "पक्कं मलाही माहीत नाही." बाहेर पडले तेव्हा डोकं गच्च झालं होतं, पण त्यांच्यावर राग आला नाही. माहीत नाही असं इतकं सरळ मला आजवर कोणत्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

मी पुन्हा तोड्याला जायला लागले. आधी अर्धी ओळ, मग एक. कंबर आता क्वचितच दुखते. शेकानं गेली, व्यायामानं गेली, त्या दांडीनं गेली की नुसते दिवस गेले म्हणून गेली, सांगता येत नाही. सासूबाईंना बाईंचं नवं म्हणणं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता वाका म्हनते का? पक्कं विचारून घे." त्या वाकतात, पण मध्ये मध्ये थांबून कमरेवर हात ठेवतात. ती सवय काही गेली नाही.

परवा शेजारच्या मळ्यातली बाई आली. तिचा खांदा वर होत नाही. "तुले तं सारं माहीत आहे," ती म्हणाली. "अमरावतीले जाऊ का अकोल्याले?"

मी म्हटलं, "चाल, मी येतो तुयासंग. आधी इथं अमरावतीले दाखवू."