वामनरावांचे ‘वाईट नाही’

वामनराव काशीहून परतले तेव्हा मी विचारले, “गंगा कशी वाटली?” ते म्हणाले, “पाणी भरपूर आहे.” यात उपहास नव्हता. अनुभवाहून एक अक्षरही अधिक बोलायचे नाही, हे त्यांचे व्रत होते. मी आयुष्यात पुष्कळ व्रते केली. एवढे कठीण एकही घेतले नाही.

महाल या वस्तीत आमची घरे भिंतीला भिंत लागून होती. वामनराव कचेरीत नोकरी करीत आणि रविवारी एका स्थानिक दैनिकात संगीतावर लिहीत. त्यांची स्तुती म्हणजे “वाईट नाही”. निंदाही साधारण तीच. माझ्या भागवत सप्ताहाच्या सांगतेला मंडळींनी मला हार घातले, तेव्हा प्रसादाचा द्रोण हातात घेऊन ते म्हणाले, “गुरुजी, वाईट नाही झालं. मधात जरा लांबलं.” घरी आल्यावर मी शांतपणे विचार केला. लांबले होते.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांचा मुलगा विनायक मुंबईत तिघा मित्रांबरोबर गिटार वाजवीत असे. त्यांच्या प्रयोगाला सायकेडेलिक पॉप म्हणतात, असे त्याने मला सांगितले. अर्थ विचारला, तर म्हणाला, “गुरुजी, समाधीसारखं काहीतरी.” समाधीविषयी मी जे वाचले आहे, त्यात ड्रम नाही, पण शास्त्रांचा अंत कोणाला लागला आहे?

त्यांची दुसरी रेकॉर्ड निघाली, तेव्हा तो ती घेऊन घरी आला. इकडे त्याच्या मामांनी कामठीच्या एका बँकेत त्याच्यासाठी जागा पाहून ठेवली होती आणि सोमवारपर्यंत होकार हवा होता. विनायक थकला होता. त्याने सर्वांसमक्ष सांगून टाकले, की बाबांनी रेकॉर्ड चांगली म्हटली तर मुंबई, वाईट म्हटली तर कामठी. तेहेतीस कोटी देवांतून कौल लावायला त्याने नेमका मौनी देव निवडला होता.

शनिवारी दुपारी मलाही शेजारधर्माने बोलावणे आले. तबकडी फिरू लागली. तंबोऱ्याच्या जोडीला गिटार होती, मध्येच देवळातल्या घंटांचा नाद शेवटाकडून सुरुवातीकडे उलटा वाजत होता, आणि दुसऱ्या बाजूला एक ड्रम सुरू झाला तो थांबायलाच तयार होईना. मी मनात नामस्मरण चालू ठेवले. वामनराव मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ताठ बसले होते. मग त्यांनी सुई उचलली, तबकडी पुसली आणि म्हणाले, “वाईट नाही.”

विनायकची आई शारदाबाई कळवळून म्हणाल्या, “अहो, नीट सांगून द्या न. दादाले मी काय कळवू?”

“पहिली बाजू ऐकावीशी वाटते. घंटा काहून उलट्या केल्या, ते समजलं नाही. दुसरी बाजू लांबली.”

“म्हणजे चांगली का वाईट?” विनायकने विचारले.

“जेवढी आहे तेवढी.”

विनायकचा संयम सुटला. लोकांचे बाप पोरांसाठी खोटे तरी बोलतात, असे तो म्हणाला. वामनरावांचा आवाज चढला नाही. “मी चांगलं म्हटलं, त तू जनमभर माह्या मतावर वाजवशील. वाईट म्हटलं, त माह्याच मतावर कामठीले जाशील. तुले कशी वाटते, ते सांग गा.”

विनायकने तबकडी उचलून दुसरी बाजू वर केली. मग अगदी हळू म्हणाला, “ड्रमच्या पुढं मलेही कंटाळा येते. ती बाजू पुन्हा कराव लागते.”

आपण काय बोललो, हे त्याला सगळ्यांत शेवटी उमगले. वरदान आणि शाप, दोहोंनी माणूस सारखाच बांधला जातो, हे मी पुराणांतून जन्मभर सांगत आलो. त्यांतले काहीच न देऊन एखाद्याला मोकळे करता येते, हे मात्र त्या दुपारी शेजारच्या घरात पाहिले.

शारदाबाई उठल्या आणि प्रवासासाठी तिखट पुऱ्या तळायला लागल्या. रविवारच्या गाडीने विनायक मुंबईला जाणार, हे कोणी कोणाला सांगितले नाही. वामनरावांनी परातीतली एक गरम पुरी उचलून तोंडात टाकली. कशी झाली, असे त्यांना त्या घरात कोणीही विचारले नाही.